पुंडलिकभाऊंची बिनतिखटाची कोंबडी

कोंबडीच्या रश्शाजवळ कोणी तिखटाचा डबा आणला तर काठी घेऊन त्याला आंगणाबाहेर हाकलणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. पुंडलिकभाऊ त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे माझे भासरे. अमरावतीला राजापेठेत आमची घरं एकमेकांना लागून होती. आंगण एक, विहीर एक, आंगणात एक कडुलिंब, आणि त्या लिंबाखाली त्यांनी मांडलेली तीन दगडांची चूल.

तुम्ही वऱ्हाडाबाहेरचे असाल तर यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे जेवताना पाहुण्याच्या नाकाला पाणी आलं नाही तर घरची बाई दिवसभर खट्टू राहते. त्यातून मी अकोल्याची. माझ्या माहेरी कोंबडी शिजायची तेव्हा शेजारची मांजरंसुद्धा शिंकायची. आणि हे गृहस्थ लालभडक रस्सा करायचे, वाफा निघायच्या, तोंडाला पाणी सुटायचं, आणि खाल्लं की आजाऱ्याचं पथ्य.

ही विद्या त्यांनी इटलीहून आणली होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, राज्य इंग्रजांचं आणि लढाईही त्यांचीच. पण भरतीवाले अमरावतीला आले तेव्हा आमचे पुंडलिकभाऊ वांग्याची पाटी बाजारात तशीच ठेवून नाव लिहून आले. बायको आधीच गेलेली, पोरबाळ नाही. लढाई संपल्यावर परत आले ते एक कंबल, एक कानटोपी आणि इटलीतले दोन शब्द घेऊन.

त्यातला पहिला शब्द "बोनो". म्हणजे झकास. विहिरीचं पाणी बोनो, माझ्या सासूबाईंची भाकर बोनो, शेजारच्या म्हशीला झालेलं पारडूही बोनो. दुसरा शब्द "पियानो पियानो". म्हणजे हळूहळू. चुलीवरचं भांडं उकळ्या मारायला लागलं की त्याला दटावायचे, "पियानो, पियानो." मोट ओढणाऱ्या बैलालाही तेच. तो बैल इतका बिघडला की आमच्या ह्यांनी "हो, हो" म्हटलं तर चालत राहायचा आणि "पियानो" म्हटलं की गपकन थांबायचा. ह्यांना स्वतःच्या बैलाला इटलीच्या भाषेत थांबवावं लागे, आणि ते बाजारात चारचौघांत म्हणायची त्यांना भारी लाज वाटे.

आता ती कोंबडी. थंडी पडली की दर आइतवारी ती व्हायची. आमच्या घरात कोंबडी आतल्या चुलीवर शिजत नसे, तिची चूल बाहेर, भांडी वेगळी, एवढं ठीक होतं. पण पुंडलिकभाऊ सकाळपासून बसायचे. गावरान कोंबडीचे मोठे मोठे तुकडे, कांदा, ओंजळभर लसूण, आणि वाफ्यातली पिकली भेदरं, म्हणजे तुमचे टमाटे. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करायचा, मग तो ओढून घेऊन निखाऱ्यावर भांडं ठेवायचं आणि दिवस कलेपर्यंत बसून राहायचं. आमच्याकडे जावई दारात दिसल्यापासून ताटावर बसेपर्यंत कोंबडी शिजून तयार असते. पुंडलिकभाऊंच्या कोंबडीला जावई दोनदा येऊन गेला असता.

इटलीतलं सगळं सामान राजापेठेत मिळणार कुठून? तिकडे म्हणे यात अंगुराची दारू पडते. पुंडलिकभाऊंनी अंबाडीच्या लाल बोंडांचा आंबट रस काढला. तिकडे एक हिरवं तुरट फळ पडतं. त्यांनी कच्ची बोरं टाकली. त्या बोरांनी चांदूर रेल्वेहून आलेल्या आमच्या मामेसासऱ्यांचा दात पाडला. ते बिचारे पुढची दोन वर्षं आमच्याकडे आले की आधी ताटात बोटाने चाचपून बघत.

पण घरात खरा भडका उडाला मरव्यावरून. त्या रश्शाला एक वास लागतो, तो वास पुंडलिकभाऊंनी लिंबापासून तुळशीपर्यंत सगळ्या पानांत शोधला आणि शेवटी मरव्यात सापडला. आम्ही माळी. मरवा आमच्याकडे फुलांबरोबर लावायचा, हारात आणि वेणीत गुंफायचा. देवाच्या हारातला मरवा माणसाने कोंबडीत टाकलेला पाहून सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पुंडलिकभाऊंनी वाद घातला नाही. मोरीच्या पाण्यावर मरव्याचं एक वेगळं रोप लावलं आणि काकूला सांगितलं, "हा देवाचा नाई, काकू. हा कोंबडीचा हाय."

सासूबाई त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलेनात, आणि त्यात मरण माझं झालं. कसं ते सांगते. आमच्यात भावजईने भासऱ्यासमोर पदर ओढून पाठमोरं उभं राहायचं. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं. आतापर्यंत ते तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांनी अंग काढून घेतलं, आणि भासरे तर दिवसभर लिंबाखाली, मी दहा हातांवर भाकरी थापायला. कुणीतरी तिसरं हवंच होतं. पुंडलिकभाऊंनी लिंबालाच कामाला लावलं.

"लिंबा," ते झाडाकडे तोंड करून म्हणायचे, "आणखी दोन कांदे लागतीन."

मी पाठमोरी राहून म्हणायची, "लिंबा, कांदे शिंक्यावर हायेत. हात लांबवा म्हणा."

आणि रीत अशी पाळली जायची की बोट दाखवायला जागा नाही. त्या झाडाने माझ्या लग्नानंतर जेवढं ऐकलं तेवढं आमच्या ह्यांनीही ऐकलं नसेल. एकदा मी वैतागून म्हटलं, "लिंबा, चिमूटभर तिखट टाकलं तर इटलीचं काही बुडते का, इचार." झाडाकडून उत्तर आलं, "तिखट येईन. त्याची येळ झाली का येईन." कोणीही विचारो, उत्तर हेच. आणि तिखट घेऊन कोणी जवळ आलंच, तर काठी.

लोकांनी आपापले अर्थ लावले. कोणी म्हणे, गोळ्यांच्या आवाजाने डोकं फिरलं. कोणी म्हणे, तिकडे एखादी गोरी मडम ठेवून आला असेल, तिला तिखट सोसत नसेल. आमचे हे म्हणायचे, खा आणि गप बसा. लोक चेष्टा करायचे आणि जेवायला यायचे, कारण काही झालं तरी कोंबडी ती कोंबडी. घरून पदरात ठेचा लपवून आणायचे आणि पुंडलिकभाऊंची पाठ वळली की कालवायचे.

एक माणूस मात्र कधी येत नव्हतं, आणि पुंडलिकभाऊ वाट त्याच माणसाची बघायचे, हे मला पहिल्याच थंडीत कळलं होतं. सुंदरामाय. आमच्या आंगणाच्या भिंतीपलीकडे राहायची. मातीची भिंत, पुरुषभर उंच. विधवा बाई, तिखट कांडून विकायची. राजापेठेतच काय, अख्ख्या अमरावतीत तिच्या तिखटासारखं तिखट नव्हतं. दिवसभर भिंतीपलीकडून तिच्या मुसळाचा आवाज येत राही, आणि तो आम्हाला इतका सवयीचा झाला होता की ऐकूही येत नसे.

तिला एकच मुलगा होता, मोतीराम. पुंडलिकभाऊ भरती झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तोही जाऊन भरती झाला. माय रडली, भांडली, आणि शेवटी पुंडलिकभाऊंचा हात धरून एवढंच म्हणाली की माह्या लेकाले सांभाळजो. मोतीराम इटलीतच राहिला. सरकारी तार आली तेव्हा मी नवी नवरी होते, पण त्या बाईचा तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

पुंडलिकभाऊ परत आले ते घरात पाऊल ठेवायच्या आधी तिच्या दारात गेले. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आत गेली आणि कडी लावली. तेव्हापासून एका विहिरीवर पाणी भरणारी ही माणसं, पण शब्द नाही. ते दिसले की ती घागर तशीच ठेवून निघून जायची, मग तेच भरून भिंतीशी ठेवायचे आणि ती ते पाणी मोरीत ओतून द्यायची. मला दोघांचीही कीव यायची आणि दोघांचा रागही यायचा.

तरी दर आइतवारी सकाळी झाडाला सांगणं ठरलेलं. "लिंबा, सुंदरामायले आवतन गेलं का?" मी पदर खोचून जायची. ती तिखट चाळत असायची. मी म्हणायची, माय, आमच्याकडे जेवायला या. ती मान वर न करता म्हणायची, माह्यं पोट भरलं हाय. मी परत येऊन झाडाला सांगायची, नाई म्हणते. पुंडलिकभाऊ जाळ सारखा करायचे आणि म्हणायचे, "बरं. पुढच्या आइतवारी." अशी एक थंडी गेली आणि दुसरीही निम्मी सरली.

त्या दुसऱ्या थंडीत, संक्रांत झाल्यावर, मी आवतन घेऊन गेले तर सुंदरामायच्या घरात बोचकी बांधलेली. तिचा भाऊ अकोल्याला असायचा. तो दुसऱ्या दिवशी बैलबंडी घेऊन येणार होता आणि तिला कायमची घेऊन जाणार होता. घर विकायचं ठरलं होतं. फक्त उखळ-मुसळ बाहेर होतं, राहिलेल्या मिरच्या कांडायच्या होत्या म्हणून. जेवायला या म्हटलं तर तेच उत्तर.

मी येऊन झाडाला सांगितलं. "लिंबा, नाई म्हणते. आणि उद्या ते अकोल्याले चालली. कायमची."

या वेळी "बरं" आलं नाही. मी पदराच्या फटीतून पाहिलं. पुंडलिकभाऊ हातात लसणाचा गड्डा धरून बसले होते आणि सोलत नव्हते. पुढच्या आइतवारी म्हणायला आता पुढचा आइतवार उरला नव्हता. मग त्यांनी रोजच्यासारखं सगळं केलं, कोंबडी टाकली, भेदरं टाकली, कोंबडीचा मरवा तोडून आणला. पण एकदाही बोनो म्हणाले नाहीत, आणि भांडं धडाधडा उकळलं तरी त्याला दटावलं नाही.

दुपार कलली तेव्हा ते बोलायला लागले. आवतनी लोक अजून यायचे होते. मी भाकरी करत होते. ते झाडाला सांगत होते, म्हणजे मलाच, कारण दुसरं कोण होतं? पण समोरासमोर त्यांनी ते मला कधीच सांगितलं नसतं, कोणालाच नसतं. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलता न येणारी गोष्ट झाडाकडे बघून बोलता येते, एवढा गुण आमच्या त्या रीतीत होता.

म्हणाले, असाच हिवाळा होता, पण आपला नव्हे, हाडं फोडणारा. डोंगरातलं एक गाव. अर्धी घरं पडलेली. एका म्हातारीने त्यांना आणि मोत्याला घरात घेतलं. रोजामाय तिचं नाव. तिचाही मुलगा लढाईवर गेलेला, त्याचा पत्ता नाही. घरात शेवटची एक कोंबडी होती, ती तिने या दोघांसाठी कापली. दिवसभर शिजवली. भाषा कुणालाच कळत नव्हती. ती "पियानो, पियानो" म्हणत होती आणि हे दोघं मान हलवत होते.

"मोत्याजवळ मायच्या तिखटाची पुरचुंडी होती," ते म्हणाले. "घरून नेलेली. जपून जपून वापरे. मले बी देत नोहता. त्या दिशी त्यानं रोजामायच्या भांड्यात समदी उपडी केली."

इथे ते थांबले. आणि मला ऐकू आलं की मुसळाचा आवाजही थांबला आहे.

रोज कानावर पडून ऐकू न येणारा तो आवाज बंद झाला तेव्हा आंगण एकदम रिकामं झालं. मला कळलं की भिंतीपलीकडे काय चाललं आहे. पुंडलिकभाऊंना कळलं की नाही, देव जाणे. त्यांची पाठ भिंतीकडे होती. मी भाकर तव्यावर तशीच करपू दिली आणि जेवढा मोठा आवाज बाईमाणसाने भासऱ्यासमोर काढू नये तेवढा काढून म्हटलं, "लिंबा, मंग काय झालं ते सांगा म्हणा. मोठ्यानं सांगा, मले चुलीपाशी ऐकू येत नाई."

मग त्यांनी मोठ्याने सांगितलं. रोजामायने चव पाहिली आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. उठून तिने मोत्याला पळीने मारलं. मग हसत सुटली, आणि खोकत, नाक पुसत तिने तेच खाल्लं. मोत्या चुलीपाशी बसून हसत होता. तिला सांगत होता, हे माझ्या मायचं तिखट आहे, माझ्या मायचं. ते मात्र तिला कळलं, कारण तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सकाळी नदी पार करायची होती. मोत्या पार झाला नाही.

"म्हून म्या भांड्यात दुसऱ्या कोणाचं तिखट पडू देलं नाई," ते झाडाला म्हणाले. "हे मोत्याच्या मायच्याच हातानं पूर्ण होईन. नाई तर राहीन असंच."

मी पदराने डोळे पुसले. भिंतीपलीकडे काहीच हालचाल नव्हती. मग कडी वाजली.

सुंदरामाय आंगणात आली. हातात वाडगा, वाडग्यात नुकतंच कांडलेलं तिखट, हात कोपरापर्यंत लाल. पुंडलिकभाऊ उठून उभे राहिले, सवयीने हातात काठी. ती चुलीपाशी बसली, भांड्यावरचं झाकण काढलं आणि वास घेतला. ते परत आल्यापासून पहिल्यांदाच ती त्यांच्याशी बोलली.

"किती टाकलं होतं त्यानं?"

 पुंडलिकभाऊंनी मूठ वळून दाखवली. तिने मूठ भरली. आधी एक टाकली, मग आणखी एक भरायला लागली. ज्या माणसाने चिमटीसाठी लोकांना काठीने हाकललं होतं, तो तिच्या शेजारी टेकून लहान आवाजात म्हणत होता, "पियानो, माय. पियानो."

तिने पियानो वगैरे काही ऐकलं नाही. दुसरीही टाकली, पळीने ढवळलं आणि भांड्याकडे बघतच विचारलं, "पोटभर जेवला होता का रे?"

इतके दिवस तिला दुसरं काही विचारायचंच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

"तीनदा घेतलं, माय. भांडं पुसून खाल्लं. रोजामायच्या वाट्याचंही त्यालेच देलं तिनं."

"थंडी होती म्हनतं."

"चुलीपाशी बसून होता. गरम होता पार."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मी ताट नेऊन ठेवलं, भाकर ठेवली, एक करपलेली होती ती स्वतःकडे ठेवली. पुंडलिकभाऊंनी स्वतः वाढलं. सुंदरामायने भाकर मोडली, रश्शात बुडवली आणि सावकाश खाल्ली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. मी पदर ओढायचं विसरले होते आणि ते झाडाकडे बघायचं विसरले होते.

"याले तिखटाबिगर काई चव नाई रे," सुंदरामाय म्हणाली.

पुंडलिकभाऊ हसले. हसता हसता खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. लढाईवरून आल्यापासून त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं.

"मोत्यानंबी हेच म्हटलं होतं, माय," ते म्हणाले. "शब्दाला शब्द."

तिने डाव्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि ताट पुढे सरकवलं.

"वाढ अजून. आणि आयक. पुढच्या हिवाळ्यात तिखट न्याले अकोल्याले येजो. मी कोणाच्या हाती धाडणार नाई. सोता यायचं."

पुंडलिकभाऊंनी नाक पुसलं, होय म्हटलं आणि पळी घेतली. रस्सा जरा निवला होता. निखारे विझत आले होते, तेव्हा त्यांनी शेजारी पडलेली ती काठीच मोडून चुलीत सारली.